गाण्याखालचा ढावलो

०:००:००

कॅसेट जितक्या वेळाची, तितकाच वेळ ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायला लागतो. हे गिऱ्हाइकाला पटत नाही. मोबाइलमधून अख्खा सिनेमा दोन मिनिटांत जातो, मग लग्नाच्या कॅसेटला दीड तास काहून, असं प्रत्येक जण विचारतो. मी सांगते, ती व्हीसीआरमध्ये जशी चालेल तशीच घ्यावी लागते. पिवळी, लाल, पांढरी वायर. वायरींच्या टोकाला अंगठ्याएवढं कॅप्चर कार्ड. कार्ड कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरमध्ये लाल ठिपका. ठिपका पेटला की बसून राहायचं.

दुकानाचं नाव गनी व्हिडिओ, बाभुळगाव. गनी म्हणजे माझे अब्बा, अब्दुल गनी. वीस-बावीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतली आणि तांड्यांवरची लग्नं शूट केली. आता ते काउंटरच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसतात. कान पूर्ण गेले आहेत. दुकान मी चालवते.

ही कॅसेट काल वर्षाने आणली. वर्षा वीस वर्षांची, तांड्यावरच्या मोतीबाईची नात. लग्न बारा दिवसांवर.

"दीदी, याच्यात माह्या आत्याचं लग्न हाय. अंजूआत्या. मले तिचा चेहरा पाहाचा हाय. आजीकडे फोटोबी नाही एक."

"आत्या कुठं असते आता?"

"नाही ना दीदी. लग्नानंतर आठव्या महिन्यात गेली. इहिरीत पडली."

कॅसेटवर अब्बांच्या अक्षरात लिहिलेलं: लखन-अंजू, १९९७. झाकण उचलून पाहिलं तर फितीवर पांढरी बुरशी. पुसून काढली तेवढी काढली. अशी फीत एकदा नीट चालते. दुसऱ्यांदा ती व्हीसीआरच्या हेडवर सगळी भुकटी सोडते आणि मग पडद्यावर फक्त पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ दिसतो. एकदाच. हे मी वर्षाला सांगितलं होतं.

०:०९:४०

दारात मोटरसायकल थांबली. पांढरा शर्ट, पांढरे केस, साठीच्या अलीकडचा माणूस.

"गनीभाईंची पोरगी ना तू? मी हरिसिंग. वर्षाचा सासरा होनार ना मी आता. तिनं कॅसेट दिली म्हने. ते दे मले, मी नेतो. पोरीले लग्नाच्या घाईत कायले चक्कर."

"काकाजी, ते चालू हाय मशीनमधी. मधात काढली तर तुटते. बुरशी लागली हाय."

"तुटू दे. जुनं काय करता."

मी हसले. त्यांना वाटलं असेल, मी विनोद समजून हसले.

"दीड तास लागते जी. संध्याकाळी या ना."

"बसतो," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. इतक्या जवळ की त्यांच्या शर्टाला लावलेल्या अत्तराचा वास माझ्या नाकाला लागला. "नवरदेव लखन माहा लहान भाऊ. त्याच्या लग्नाची हाय कॅसेट. घरचीच हाय."

मग, जरा थांबून:

"गाणे हायत ना याच्यावर?"

"हो जी. गाणे हायत."

०:१४:००

इथून पुढे त्या दुकानात तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. पडद्यावर काय दिसत होतं, माझ्या कानात काय येत होतं, आणि दुकानात काय चाललं होतं. त्या वेगवेगळ्या लिहिते, कारण हरिसिंगला त्यातल्या दोनच कळत होत्या. हेडफोन माझ्या कानावर होता.

चित्र: मांडव. पोरं कॅमेऱ्यात तोंड घालतात. नवरी अंजू, डोक्यावरून ओढणी, अजून चेहरा दिसत नाही.

कान: शहनाई, मग सिनेमाचं गाणं. खरखर.

दुकान: हरिसिंग अब्बांकडे वळून मोठ्याने बोलतात. "गनीभाई, वळखलं का?" अब्बा ओठांकडे पाहतात. त्यांना ओठ वाचायची सवय झाली आहे. "अरे, हरिसिंगभाई! तुम्हारे यहाँ का गोश्त अभी तक याद है." दोघं हसतात.

०:२२:१०

गाण्यात खरखर फार होती म्हणून मी व्हीसीआरचं एक बटन दाबलं. बाकी दिवशी मी ते सुरुवातीलाच दाबते. त्या दिवशी शेजारी माणूस बसला म्हणून विसरले.

फितीवर आवाज दोन ठिकाणी असतो. एक काठावर, बारीक पट्टीत. दुसरा चित्राच्या खाली, चित्रातच मिसळलेला. लग्नानंतर अब्बा घरी बसून आवाज बदलायचे. गोंगाट, भांडणं, लाउडस्पीकरची शिट्टी, सगळं पुसून वरून गाणी टाकायचे. त्याला ते डबिंग म्हणायचे. पण डबिंगने फक्त काठावरची पट्टी पुसली जाते. चित्राखालचा आवाज तसाच राहतो. तांड्यावर भाड्याने आणायचे त्या व्हीसीआरला काठावरचाच आवाज वाचता यायचा. माझा व्हीसीआर अमरावतीच्या जुन्या बाजारातला, महागातला. त्यावर दोन शब्द आहेत: नॉर्मल आणि हाय-फाय.

मी हाय-फाय केलं.

कान: गाणं गेलं. कुत्रं भुंकतं. भांडी. कुणीतरी म्हणतं, "ये गनीभाई, इकडून घ्या." सत्त्याण्णव सालची हवा माझ्या कानात शिरली. अशा वेळी मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं.

०:३१:३०

चित्र: बायकांचा घोळका. मधे अंजू. आईच्या गळ्यात हात टाकलेला. आई म्हणजे मोतीबाई, तेव्हाची, काळ्या केसांची.

कान: ढावलो.

तांड्यावरच्या लग्नात नवरी निघताना सुरात रडते. एकेकीच्या गळ्यात पडून, शब्द जोडत जोडत. आईला, बापाला, गाईला, चुलीला, सगळ्यांना सांगत. त्याला ढावलो म्हणतात. शाळेत माझ्या बाकावर तांड्यावरच्या तीन पोरी होत्या, त्यांची बोली मला कळते. सुट्टीत त्या खोटा ढावलो म्हणायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो. नवरी रडली नाही तर लोक नावं ठेवतात. जी चांगली रडते तिचं कौतुक होतं.

अंजू चांगली रडत होती. याडी, तुझ्या घरचं पीठ मी दळलं. बापू, तुझ्या बैलांना मी पाणी पाजलं. आता माझ्या हातची भाकर कोणाच्या ताटात. याडी म्हणजे आई. सूर वर जायचा, तुटायचा, परत खालून सुरू व्हायचा. मोतीबाईही त्याच सुरात उत्तर देत होती. दोघींचे आवाज एकमेकींवर.

दुकान: हरिसिंग म्हणाले, "पाय, अंजू." त्यांनी बोटाने पडदा दाखवला. "चांगली होती दिसाले."

०:३३:०५

कान: सूर थांबला.

रडणं नाही थांबलं. हुंदके होते. पण ती आता गात नव्हती, बोलत होती. साधं, घाईत, खालच्या आवाजात. आईच्या कानाशी. कॅमेरा अगदी जवळ असावा.

याडी, जेठ आला होता. काल दुपारी. गोठ्याच्या मागं मी एकटी होती.

जेठ. आमच्या घरीही हाच शब्द आहे. नवऱ्याचा मोठा भाऊ.

नवरदेव लखन. लखनचा मोठा भाऊ माझ्या उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर बसला होता.

चित्र: मोतीबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवते आणि आपला सूर चालूच ठेवते. तिला वाटतं, लेक ढावलोच म्हणून राह्यली. आजूबाजूच्या बायका पदराने डोळे पुसतात. एक हसते.

दुकान: मी मान हलवली नाही. माझे हात माउसवर होते, ते तिथंच ठेवले. पूर्वी तांड्यावर नवरदेव आणि त्याच्यासोबतचे लोक लग्नाआधी आठ-आठ दिवस मुलीकडे मुक्कामाला असायचे, हे मला अब्बांकडून माहीत होतं. ते त्या क्षणी आठवलं. का आठवलं ते लगेच कळलं.

०:३३:४०

दुकान: "बेटी."

मी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"गाणं तर आयकू येऊ दे. तू एकटीच आयकून राह्यली."

"डोकं दुखते जी मोठ्या आवाजानं."

"माहं नाही दुखत." ते हसत होते. पण पडद्यावरच्या एका जागेकडे पाहत होते. तिथं आवाजाच्या दोन हिरव्या पट्ट्या असतात. आवाज आला की वर जातात, थांबला की खाली. गाण्यात त्या सारख्या नाचतात. आता त्या मधेच पडत होत्या, मधेच उठत होत्या. माणूस बोलताना उठतात तशा. "हे काय हाय? हे असं काहून होऊन राह्यलं?"

"आवाज हाय जी तो."

"गाण्याचा?"

मी "हो" म्हणाले.

"गनीभाई!" ते अब्बांकडे वळले. "याच्यावर गाणे टाकले होते ना तुम्ही?"

अब्बांनी ओठ पाहिले आणि छाती फुगवली. "एक नंबर गाने डाले थे! तुम्हीच तो बोले थे ना हरिसिंगभाई. याद है? दूसरे दिन घर आए थे. बोले, वो रोनाधोना पूरा निकाल डालो, एक अक्षर नहीं रहना. मैंने बोला, अरे नवरी का रोना तो सब रखवाते. तुम बोले, नहीं, गाना डालो."

अब्बा अजून हसत होते.

"हव," हरिसिंग हळू म्हणाले. "मीच सांगतलं होतं." आणि माझ्याकडे पाहून, "काढ ते कानातलं. आयकू दे."

०:३४:००

आता हे नीट सांगते, कारण यातच सगळं आहे.

हेडफोनची पिन काढली की आवाज स्पीकरवर येतो. हाय-फायवर पिन काढली असती तर अंजू दुकानात बोलली असती. नॉर्मल दाबून पिन काढली तर अब्बांचं गाणं वाजणार होतं आणि तो माणूस खूश होऊन बसून राहणार होता. पण जे वाजतं तेच कार्डात जातं. नॉर्मल दाबलं तर कॉम्प्युटरमध्ये गाणं भरलं जाणार, आणि अंजूचं बोलणं फितीवरून सरकून जाणार. एकदाच चालणारी फीत. परत लावता येणार नाही. परत लावायला ती माझ्याजवळ राहणारही नव्हती.

हे सगळं मला तेव्हा कळत होतं. उशिरा कळलं असं मी म्हणणार नाही.

मी नॉर्मल दाबलं. मग पिन काढली.

कान:

कान:

कान:

दुकान: गाणं. बासरी, ढोलकी, खरखर. हरिसिंगची मांडी ठेक्यावर हलू लागली. "हां. हे गाणं लय चाले तवा."

चित्र: अंजूचे ओठ हलतात. ती आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते. ओठ हलतात. आई मान मागं टाकून गाते. अंजू तिला हलवते. बासरी.

चित्र: एक उंच माणूस, पांढरा शर्ट, घोळक्याच्या बाजूने येतो. कॅमेऱ्याकडे पाहतो. हाताने खूण करतो: बंद कर.

दुकान: "मी हाय तो," हरिसिंग म्हणाले. "कसा होतो पाय. केसं पाय."

चित्र: अंजू त्याला पाहते. तिचे ओठ थांबतात. तो जातो. ओठ परत हलतात, आता जोरात.

०:३५:५०

एक मिनिट पन्नास सेकंद. इतका वेळ मी पाहत बसले. अब्बांनी जे नकळत केलं ते मी कळून करत होते.

वर्षाचं लग्न बारा दिवसांवर. सासरा माझ्या शेजारी बसून ठेका धरून राह्यलाय. लखननं नंतर दुसरी केली, तो पुसदकडे राहायला गेला. विहीर मात्र हरिसिंगच्याच शेतात आहे. काल वर्षा उत्साहात सांगून गेली होती, शेतातच नवं घर बांधलं, मला तिथंच राहायचं आहे.

बाहेर बाजाराचा दिवस होता. लोक होते. रस्ता होता. हे मी स्वतःला सांगितलं आणि हाय-फाय दाबलं.

०:३५:५८

दुकान, कान, आता एकच:

"याडी, मी ढावलो नाही म्हणून राह्यली. मी सांगून राह्यली. आयक ना. मी रडून नाही राह्यली, मी सांगून राह्यली."

ती हे तिच्या बोलीत म्हणाली. मी मराठीत लिहिते. स्पीकर जुने, मोठे, अब्बांच्या काळातले. आवाज रस्त्यावर गेला.

"मले त्या घरी नको पाठवू. हरिसिंग मले जित्ती नाही ठेवणार."

हरिसिंगची मांडी थांबली.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पडद्यातल्या त्या दोन हिरव्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. उठत होत्या, पडत होत्या. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता. मला वाटलं, आता हात येईल. हात आला नाही. त्याची वाट पाहणं हातापेक्षा वाईट होतं.

"बंद कर."

मी केलं नाही. करायचं नाही असं ठरवलं म्हणून नव्हे. मी अजून त्या पट्ट्यांकडेच पाहत होते.

दारात सावली पडली. डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी, हातभर बांगड्या. मागं अजून दोघी. बाजारातून बसस्टँडकडे निघाल्या असाव्यात.

"कोनाचा ढावलो हाय व हा?" म्हातारी म्हणाली. मग तिने पाटी खाली ठेवली. "बाप्पा. ही तर अंजू."

"सुखीबाई, तू जाय," हरिसिंग उठत म्हणाले. "कॅसेट हाय जुनी. काई नाही."

"अंजूच हाय. मी होती तिथं. मीच तर पानी पाजलं तिले." सुखीबाई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं तोंड उघडं पडलं. "हे तर ढावलो नाही, व. हे काय बोलून राह्यली पोरगी?"

स्पीकरमधून: "याडी, आयक ना."

"आमी म्हनलं, किती चांगली रडते," सुखीबाई म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

अब्बा माझ्याकडे, हरिसिंगकडे, दाराकडे पाहत होते. सगळ्यांची तोंडं बदललेली. "क्या हुआ? गाना बंद हो गया क्या?" त्यांनी उठून स्पीकरच्या जाळीवर पंजा ठेवला. गाणं आहे की नाही ते ते असंच ओळखतात. त्यांचा पंजा तिथं राहिला. "ये गाना नहीं है," ते म्हणाले.

०:३६:४९

हरिसिंगने व्हीसीआरची वायर भिंतीतून उपटली.

चित्र: निळं.

मग त्यांनी कॅसेट काढायचं बटन दाबलं. वीज नाही, कॅसेट कशी निघणार. दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा मुठीने. आणि मग अख्खा व्हीसीआर उचलला. वायरी खेचल्या गेल्या, कॅप्चर कार्ड टेबलावरून घसरून खाली लोंबकळलं, पिवळी-लाल-पांढरी टोकं त्यांच्या काखेतून शेपटीसारखी लटकली. दारात सुखीबाई होती. ती हलली नाही.

"सरक."

"सरकतो ना. पन तू जाशीन कुठं, हरिसिंग? तांड्यावर सांगतोच मी मोतीबाईले."

ते तिच्या बाजूने अंग चोरून निघाले. मोटरसायकलच्या टाकीवर व्हीसीआर ठेवला, एका हाताने धरला, आणि गेले. आवाज त्या डब्यात आहे असं त्यांना वाटलं. आवाज डब्यातून केव्हाच निघून गेला होता.

कॉम्प्युटरची वायर वेगळी; त्याला मी बॅटरीही लावली आहे, कारण बाभुळगावात लाइट कधीही जातो. लाल ठिपका अजून पेटलेला होता. निळा पडदा रेकॉर्ड होत होता. मी स्टॉप दाबलं. शेवटचं निळं कापून टाकलं.

०:००:०० ते ०:३६:४९, सेव्ह केलेली फाइल

वर्षा तीन वाजता आली. सुखीबाईचा फोन तिला आधीच गेला होता. तिने दुकानाचं अर्धं शटर स्वतःच खाली ओढलं. मी तिला हेडफोन दिला.

तिने चेहरा पाहिला. मग ऐकलं. ऐकताना ती खुर्चीच्या अगदी काठावर आली होती.

बाहेर मोटरसायकलचा आवाज आला की आम्ही दोघी दाराकडे पाहायचो. तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा दुसऱ्याच कोणाची होती.

"मी नाही जात तिथं," वर्षा म्हणाली. "बाबा काईबी म्हनो. आजीले हे आयकवतो आधी. मले मोबाइलमधी दे. आन तुह्याजवळबी ठेव. अजून कोनाजवळ ठेवता येते का?"

मी तीन ठिकाणी ठेवली. एक पेन ड्राइव्ह अब्बांनी मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

वर्षा उठली नाही. तिने माउस धरला आणि मागं नेलं. परत ऐकलं. जेठ आला होता. काल दुपारी. गोठ्याच्या मागं मी एकटी होती. आणि मग बासरी, ढोलकी. ओठ हलताहेत, आई मान मागं टाकून गातेय, बासरी.

तिने परत मागं नेलं. परत बासरी.

"दीदी, इथं मधातच गाणं काहून हाय?" तिने हेडफोन काढला. "इथंच तर थे सांगत होती. हे गाणं गनीचाचानं टाकलं का?"

अब्बा तिच्या ओठांकडे पाहत होते. आपलं नाव त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

"नाही," मी म्हणाले. "अब्बांनी नाही. ते मी टाकलं."